सोमवार ते शनिवार लसूण नाही

पळीत तेल होतं, तेलात तळून तांबूस झालेले लसणाचे बारीक तुकडे होते, आणि ती पळी वाडग्याच्या वर हवेत थांबली होती. "घालू का?" गाडीवरच्या बाईने विचारलं. पेइशान गेली चार वर्षं बेटावरच्या पुलाव टिकुस ह्या भागातल्या बाजारात ह्याच गाडीवर सकाळी तांदळाच्या शेवया खात आली होती आणि ह्या प्रश्नाला तिचं उत्तर ठरलेलं होतं. रविवारी हो, एरवी नाही. आज रविवार होता. ती पळीकडेच बघत राहिली. तेलाचा एक थेंब पळीच्या कडेवर फुगला, लांबला, पडला. "अगं बाई, लसूण घालू का एवढंच विचारतेय," गाडीवरची बाई म्हणाली, "माझ्या मुलासाठी मागणी नाही घातली तुला." रांगेत मागे कुणीतरी हसलं. "घाला हो तिच्या वतीने," दुसरा कुणी म्हणाला, "नवरा नसणाऱ्यांना कसली भीती तोंडाच्या वासाची!" पुन्हा हसू. हसण्याचा तो आवाज पेइशानच्या कानात नको तितका खोल गेला. वाडगा तिथेच ठेवून ती निघाली. मागून बाई ओरडत होती, अगं, पैसे दिलेस, खाऊन तरी जा.

धक्क्यापर्यंतची वाट बरीच लांब होती. ती चालत गेली. वास मागे राहायला हवा होता, तो राहिला नाही. प्रत्येक दुसऱ्या दारात कढई तापत होती आणि ह्या शहरात कढई तापली की तिच्यात पहिल्यांदा पडतो तो लसूणच. तिने नेहमीसारखं स्वतःला शिकवल्यासारखं करून पाहिलं. लसणाचा वास गंधकाच्या संयुगांचा. कारखान्यात ज्याची भीती त्या विषारी आर्सीन वायूत गंधक नसतं, एक आर्सेनिक आणि तीन हायड्रोजन, बस. तरी नाकाला दोन्ही सारखेच वाटतात. ह्यात नाकाचा काही दोष नाही, नाक घडलं तेव्हा जगात सेमीकंडक्टरचे कारखाने नव्हते. हे वाक्य पूर्वी तिने कुणाला तरी ऐटीत ऐकवलं होतं. कुणाला ते आठवायला तिला प्रयत्न करावा लागला नाही.

फेरीबोट सुटली तेव्हा ती खालच्या मजल्यावर कठड्याजवळच्या बाकावर बसली होती. पलीकडे बटरवर्थ, आणि तिथे बागान दालामच्या चाळवजा इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आज तिच्या कारखान्यातल्या गुणशेखरन अण्णांचा सोळावा, मृत्यूनंतरच्या सोळाव्या दिवसाचं कार्य. त्यांच्या बायकोचा, लेच्चुमी अक्कांचा, फोन परवा आला होता. "तू यायलाच हवीस. तुझ्या हातून ह्यांच्या पानावर काहीतरी वाढलं जाऊ दे. मुलीसारखी होतीस."  मग अक्का एकदम वेगळ्या, सपाट आवाजात म्हणाल्या होत्या, "माझ्याच हातून झालं गं ते. कुणाला सांगू नकोस. आदल्या दिवशी शेजारच्या बाळंतिणीसाठी मी लसूण वाटला होता, खलबत्त्यात. धुतला होता, पण नुसत्या पाण्याने. बुधवारी सकाळी त्यातच ह्यांच्या रसमची मिरी कुटली. तेवढ्याने गेलं ह्यांचं नाक. एकोणीस वर्षं सांभाळलं आणि एका दिवसात घालवलं मी." पेइशान म्हणाली होती, "नाही, अक्का." अक्का म्हणाल्या होत्या, "तू चांगली आहेस म्हणून म्हणतेस." आणि फोन ठेवला होता.

त्या फोनला दोन दिवस झाले होते. दोन दिवसांत तिने ते वाक्य किमान शंभर वेळा मनात जुळवलं होतं. अक्का, अण्णांना वास आला होता. एवढंच, चार शब्द. ह्या चार शब्दांनी अक्कांच्या मानेवरचा दगड उतरणार होता, आणि त्याच चार शब्दांनी त्या घराचं दार आपल्याला बंद होणार, हेही ती जाणून होती. नोकरीचं तर नंतर. नोकरीचा विचार तिच्या मनात आला तेव्हा तिला स्वतःची शिसारी आली. पण आला, हे खरं.

चार वर्षांपूर्वी ती प्राइच्या त्या कारखान्यात पहिल्या दिवशी गेली तेव्हा कॅन्टीनच्या दारावर चार भाषांत रंगवलेली पाटी होती: सोमवार ते शनिवार लसूण नाही. ती हसली होती. तिला वाटलं, कुणा साधूबाबाचं व्रत असेल. "व्रतच आहे," मागून आवाज आला होता. "पण देव जरा वेगळा आहे." वळून पाहिलं तर जाड मिशांचा, पन्नाशीचा, ढगळ निळ्या कपड्यातला माणूस डब्यातला फिका रसम पीत उभा होता. तेच गुणा अण्णा. बेटावरच्या कारखान्यांत फोनच्या नि दिव्यांच्या चिप बनवतात, त्यासाठी गॅलियम आर्सेनाइडच्या ठोकळ्यातून पातळ चकत्या कापतात. कापताना जवळजवळ अर्धा माल भुसा होऊन पडतो. तो राखाडी गाळ, फुटक्या चकत्या, कडेचे तुकडे, सगळं पिंपांत भरून प्राइला येतं. धुवायचं, विरघळवायचं, आर्सेनिक वेगळं करून पक्कं बांधून ठेवायचं, आणि शेवटी गॅलियम उरतं. चांदीसारखं चकचकीत, आणि इथल्या हवेत बहुतेक वेळ पातळच. "ह्याला थंड देशात नोकरी मिळायला हवी होती," अण्णा म्हणायचे. "इथे बिचाऱ्याला कधी धातू होताच येत नाही." बाटली फ्रिजमध्ये ठेवून, गोठवून, त्यांनी तिच्या हातमोज्यातल्या तळव्यावर पहिला खडा ठेवला होता, आणि तो तिथेच बसून हळूहळू कडा सोडायला लागला तेव्हा तिच्यापेक्षा तेच जास्त खूश दिसत होते. तेव्हाच पंधराहून जास्त वर्षं झाली होती त्यांना तिथे.

पाटीची गोष्ट त्यांनीच सांगितली. फार पूर्वी, भिंतीवर वायू मोजणारे मीटर नव्हते तेव्हा, एका दुपारी त्यांना धुण्याच्या खोलीत लसणाचा वास आला. कॅन्टीनमध्ये त्या दिवशी भात आणि डाळ, लसूण कशातच नाही. त्यांनी दोघांना कॉलर धरून बाहेर ओढलं. दोघे वाचले. त्या दिवसापासून ही पाटी, आणि त्या दिवसापासून अक्कांच्या घरी आठवड्याचे सहा दिवस लसूण बंद. रविवारी मात्र त्या अख्ख्या गड्ड्यांचं कुळंबू, चिंचेचा आंबट रस्सा, करायच्या आणि अण्णा दुपारभर बोटं चाटत बसायचे. पेइशानने हे सगळं ऐकलं आणि नुकत्याच मिळालेल्या पदवीच्या जोरावर म्हटलं, "पण अण्णा, नाकाला कळतं तेव्हा हवेत दहा लाखांत अर्धा भाग झालेला असतो. सुरक्षित मर्यादा त्याच्या दहाव्या हिश्शाची. म्हणजे तुम्हाला वास येतो तेव्हा उशीर झालेलाच असतो. नाक हे काही मोजमाप नाही." अण्णा मिशीतल्या मिशीत हसले. "बरं, मास्तरीणबाई. पण उशिरातसुद्धा थोडा उशीर आणि फार उशीर असतो की नाही?" तो प्रश्न ती चार वर्षं विसरली नव्हती. मास्तरीणबाई हे नाव मात्र चिकटलं. पुढे ती खरोखरच त्यांची साहेब झाली, पाळीची प्रमुख, तरी कुठली झडप अडकते, कुठलं पिंप उघडण्याआधी तासभर पंख्याखाली ठेवायचं, हे सगळं त्यांनीच शिकवलं. कागदावरची रीत तिची आणि हातांची रीत त्यांची, असं चाललं होतं. चांगलं चाललं होतं. फेरीच्या कठड्यावर हात ठेवून ती हे वाक्य मनात पुन्हा म्हणत होती, चांगलं चाललं होतं, आणि पाण्यावर एक पिवळी पिशवी तरंगत मागे जात होती, तिच्याकडे ती पाहत होती.

त्या बुधवारी तिच्या पद्धतीने काढलेलं पहिलं गॅलियम तपासणीत पास झालं होतं. सहा नऊंची शुद्धता, म्हणजे ९९.९९९९ टक्के, चिपवाल्यांनी परत विकत घ्यावी इतकी. आईने सकाळी दोन डबे भरले, एक तिचा, एक अण्णांचा. रुंद तांदळाच्या शेवया, माशाचे गोळे, आणि वेगळ्या छोट्या डबीत लसणाचं तेल. "आई, तिथे चालत नाही." "ज्या माणसाने तुला काम शिकवलं त्याला फिक्कं खाऊ घालू? मला शोभतं का ते? डबी वेगळी दिलीय, नको असेल तर नका घेऊ." डबी बॅगेतच राहू शकली असती. दुपारी कॅन्टीनच्या मागच्या बाकावर, पाटीपासून लांब, पेइशानने ती उघडली आणि दोन्ही डब्यांवर ओतली. आपण असं का केलं हे गेले अठरा दिवस ती स्वतःला विचारत होती. लाड, आनंद, आईचा आग्रह, ही सगळी कारणं होती, पण त्यांच्या तळाशी आणखी एक होतं, आणि ते क्षुद्र होतं. तिला तो जुना वाद जिंकायचा होता. अण्णांनी वास घेतला, तिच्याकडे पाहिलं. "आज बुधवार." "भिंतीवर मीटर आहे ना, अण्णा. बेरीज-वजाबाकी त्याला करू द्या." त्यांनी अक्कांचा डबा झाकून बाजूला सरकवला. "बरं बाई. आज नाकाला सुट्टी." आणि खाल्लं. एक घास झाल्यावर त्यांनी डोळे मिटले होते. लहान मुलाने मिटावेत तसे.

अडीच वाजता मीटर तपासणारा आला, एक दिवस आधीच, आणि धुण्याच्या खोलीतला मीटर उतरवून घेऊन गेला. बदली मीटर दुसऱ्या खोलीत अडकला होता, उद्या मिळणार होता. टाकीत गाळ पडलेला, चाळीस मिनिटांचं धुणं उरलेलं. हे आम्लाचं काम नव्हतं. कापताना लागलेलं तेल काढायला क्षाराच्या पाण्यात गाळ ढवळायचा, एवढंच. कारखान्यातलं सगळ्यांत निरुपद्रवी काम. मॅनेजर याप फोनवर म्हणाले, पाळी तुझी आहे, तू ठरव. तिने ठरवलं. अण्णा भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत उभे होते. "थांबवायचं का?" त्यांनी विचारलं. "धुण्याला काय होतंय, अण्णा." "तू म्हणशील तसं." त्यांनी धुळीचा मास्क चढवला आणि आत गेले. पिंपात कुणीतरी वेष्टनाच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चुरगाळून टाकल्या होत्या, हे नंतर कळलं. क्षारात ॲल्युमिनियम पडलं की हायड्रोजन सुटतो, आणि त्याला वाटेत आर्सेनिक भेटलं की आर्सीन. हे तिला शाळेपासून माहीत होतं. परीक्षेत आलं असतं तर पूर्ण गुण मिळाले असते.

ती काचेच्या ह्या बाजूला वहीत आकडे लिहीत होती. वॉकीटॉकी खरखरली. "मास्तरीणबाई," अण्णांचा आवाज मास्कमधून दबलेला, हसरा. "तुझ्या आईचा हात फार सढळ आहे हं. मास्कमध्ये नुसता लसूणच लसूण. माझाच श्वास मला नको झालाय." आणि पेइशान हसली. मोठ्याने, मोकळेपणी, कुणी आपल्यावर माया करतंय हे कळल्यावर हसावं तशी. बटण दाबून म्हणाली, "उद्या पुदिन्याच्या गोळ्या आणते." काचेतून अण्णांनी हात उंचावला. वहीत तिने वेळ लिहिली, दोन पन्नास. ते बाहेर आले तेव्हा तीन दहा झाले होते.

वीस मिनिटं. उशिरातसुद्धा थोडा उशीर आणि फार उशीर.

साडेचारला त्यांना थंडी वाजायला लागली. साडेपाचला ते मोरीतून बाहेर आले आणि दाराला धरून उभे राहिले. "लघवी काळ्या कॉफीसारखी झालीय," ते शांतपणे म्हणाले. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्या की असं होतं. तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात हे सांगितलेलं असतं, आणि नव्यांना सांगण्याचं काम अण्णांचंच होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या नजरेत दुपारचा डबा होता, वॉकीटॉकी होता, सगळं होतं, आणि अण्णांनी नजर आधी वळवली. "याप साहेबांना सांग, गाडी काढायला."

इस्पितळात त्यांचं रक्त बदललं, मूत्रपिंडाचं काम यंत्रावर घातलं. त्यांचा काळा रंग पितळेसारखा होत गेला. गुरुवारी सरकारी खात्याचा माणूस आला, कागद मांडीवर ठेवून हळू आवाजात प्रश्न विचारत होता. उशाशी अक्का, पायथ्याशी पेइशान. "वास आला होता का, लसणासारखा? तुम्ही तर जाणते आहात." अण्णा खिडकीकडे बघत म्हणाले, "नाही." "अजिबात?" "नाही हो. नाक म्हातारं झालं असेल." अक्कांनी पदर तोंडाला लावला. पेइशानने पलंगाच्या लोखंडी कडेवर हात ठेवला होता, ती कड गार होती, आणि त्या गारव्याकडे ती सगळं लक्ष देऊन राहिली, कारण दुसरीकडे लक्ष गेलं असतं तर ती बोलली असती. तो माणूस गेल्यावर अण्णांनी तिला जवळ बोलावलं. तिला वाटलं, आता म्हणतील. ते म्हणाले, "गॅलियम किती निघालं त्या पिंपातून?" "अजून मोजलं नाही, अण्णा." "मोज. गाळ टाकून देऊ नकोस." शनिवारी पहाटे ते गेले.

शुक्रवारी तिने आपला जबाब टाइप केला होता. कामगाराने वासाबाबत काहीही कळवले नाही. एकही चूक न करता, एकाच दमात टाइप झालं ते वाक्य. परवा कंपनीचा अहवाल आला, त्यात ॲल्युमिनियमला एक ओळ होती, मीटरला एक ओळ होती, आणि गुणशेखरन यांच्या वयोमानाने मंदावलेल्या घ्राणशक्तीला पूर्ण परिच्छेद होता. अण्णांचं नाक. ज्याने दोघांना वाचवलं होतं, जे जपण्यासाठी एका बाईने एकोणीस वर्षं सहा-सहा दिवस स्वयंपाक बदलला होता.

फेरी धक्क्याला लागली तेव्हा माणसांच्या मागोमाग ती उतरली. जिने चढताना तिसऱ्या मजल्यावरून झेंडू, कापूर आणि भाताची वाफ ह्यांचा वास खाली येत होता. तिने तो खोल घेतला. त्यात लसूण नव्हता.

विधी आटोपले होते. लांब व्हरांड्यात नातेवाईक पत्रावळी आवरत होते, पुरुष सावलीत बसून चहा पीत होते. आत अण्णांच्या फोटोपुढे केळीचं पान मांडलेलं होतं. मटण, तळलेली सुरमई, वडे, पायसम, पोलादी पेल्यात त्यांची आवडती बिअर. अक्कांनी तिच्या हातात डाव दिला. "वाढ. तुझ्यासाठी थांबवलंय." पेइशानने भात वाढला.  अक्का पानाकडे बघत म्हणाल्या, "रविवार आहे, कुळंबू करायला हवं होतं. गड्डे सोलायला बसले आणि हात चालेना. फेकून दिले सगळे. मी आता जन्मात लसणाला हात लावणार नाही."

"अक्का, आत या जरा," पेइशान म्हणाली.

स्वयंपाकघर अरुंद होतं. ओट्याखाली तो दगडी खलबत्ता पालथा घातलेला होता. अक्का ओट्याला टेकून उभ्या राहिल्या, पदराने कपाळ पुसलं. पेइशानने बोलायला सुरुवात केली आणि दोन दिवस जुळवलेले चार शब्द तिला सापडले नाहीत. ती भलतीकडूनच बोलली, आईपासून, डबीपासून. एका दमात, खाली बघत, टाइप केल्यासारखं. "तुमच्या खलबत्त्याचं काही नाही, अक्का. तुमचा रसम त्यांनी प्यायलाच नाही त्या दिवशी. माझ्या डब्यातलं खाल्लं, लसणाचं. आणि त्यांना वास आला होता. त्यांनी सांगितलं मला. त्यांना वाटलं स्वतःच्याच तोंडाचा येतोय, मास्कमध्ये. मला वाटलं चेष्टा करताहेत. मी हसले."

बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं आणि त्याला कुणी तरी दटावत होतं.  अक्कांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं हे पेइशानला दिसलं. खांदे इंचभर खाली आले, सोळा दिवसांनी पहिल्यांदा आले असावेत. आणि तेवढ्यात, त्याच चेहऱ्यावर, दुसरं काहीतरी आवळत गेलं.

"खाल्लं?" अक्का म्हणाल्या. "बुधवारी?"

"हो."

"माझा डबा तसाच?"

"झाकून ठेवला त्यांनी."

"कामावरच्या कुणी डबा घरी आणून दिला, मीच घासला संध्याकाळी, इस्पितळात जाण्याआधी. भात तसाच होता, रसमचा कप्पा रिकामा, आता कळतं, वाटेत सांडला असेल. मला वाटलं, बरं वाटत नसेल म्हणून नुसता रसम प्यायले." अक्कांनी ओट्यावरची सुरी उचलली, जागेवर ठेवली. "एकोणीस वर्षांत एकदा मी म्हटलं होतं ह्यांना, माझ्या भावाच्या लग्नात, अहो, आजच्या दिवस खा, उद्या रजा टाका. नाही म्हणाले. माझ्यासाठी नाही खाल्लं." त्या थांबल्या. "आवडलं का ह्यांना?"

पेइशानला खोटं बोलता आलं असतं. इथे खोटं बोलणं दयाळूपणाचं झालं असतं, असंही तिला वाटून गेलं. "डोळे मिटून खाल्लं," ती म्हणाली.

अक्कांनी मान हलवली, जणू हिशेब बरोबर जुळला. "आणि मग त्या साहेबापुढे म्हणाले, वास आला नाही. माझ्या डोळ्यांदेखत. मी हात धरून बसले होते तेव्हा. तुला वाचवायला. तीन रात्री मी उशाशी होते पोरी, पाणी पाजत होते, आणि ह्यांनी मला नाही सांगितलं." आवाज चढला नाही, उलट खाली खाली गेला. "मी त्या खलबत्त्यात माझं डोकं फोडून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं."

"अक्का, मी—"

"हे आता का सांगितलंस? मला हलकं करायला, की तुला?"

पेइशानने प्रामाणिकपणे विचार केला. ही सवय तिला अण्णांनीच लावली होती, आकडा माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. "माहीत नाही," ती म्हणाली.

"मला तर झालं हलकं. बघ, उभी आहे." अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. "आणि आता दुसरंच बसलंय इथे. ते कुणी उतरवायचं?" मग त्यांनी तिचं मनगट धरलं. पकड घट्ट होती, दुखण्याइतकी. "चल बाहेर. तिथे सगळे बसलेत. ह्यांचे भाऊ, चुलते. सोळा दिवस ऐकतेय मी, गुणाचं नाक गेलं होतं, कंपनीने म्हाताऱ्याला ठेवलाच कशाला. ह्यांचं नाक गेलं नव्हतं. सांग त्यांना. आणि उद्या त्या साहेबालाही लिहून दे. ह्यांनी तुला दिलेलं खोटं मी चालू देणार नाही. तेवढा हक्क आहे माझा."

व्हरांड्यात उजेड फार होता. कठड्याशी प्लास्टिकच्या खुर्चीत अण्णांची आई बसली होती, नव्वदीची, पांढऱ्या साडीत, कानाची पाळी खांद्यापर्यंत ओघळलेली. अक्का तिच्यापाशी जाऊन थांबल्या, वाकल्या नाहीत. "अत्तै, ही ह्यांच्या कामावरची. तिला सांगायचंय काहीतरी." मग पेइशानचं मनगट सोडलं आणि मागे जाऊन भिंतीला टेकल्या.

पेइशान खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. चहा पिणाऱ्यांनी माना वळवल्या होत्या. "आजी," ती म्हणाली, "अण्णांना वास आला होता. त्यांनी मला सांगितलं होतं. त्यांचं नाक शेवटपर्यंत चांगलं होतं."

म्हातारीने मिचमिचे डोळे तिच्या तोंडावर रोखले. ओठांच्या हालचालीवरून काही समजलं, काही नाही. "आला होता?" ती म्हणाली. "मग माझं पोर बाहेर का नाही आलं?"

"मी हसले, आजी. म्हणून."

समोरच्या दारातून कुणी डोकावलं. एक सासू-सुनेची जोडी जिन्यात पातेलं धरून थांबली. म्हातारीने सुरकुतलेला हात कानामागे नेला आणि खुर्चीतून पुढे झुकली, इतकी की तिच्या तोंडाचा विड्याचा वास पेइशानला आला.

"मला ऐकू येत नाही गं," ती म्हणाली. "मोठ्याने बोल."